जुनी डिझेल मोटार : घ्यावी की सोडावी?



उसाचे बिल बँकेत जमा झाले की घरात गाडीचा विषय निघतो. नवी परवडत नाही म्हणून जुनी पाहायची, आणि जुनी घ्यायची तर डिझेलचीच, कारण ‘डिझेल स्वस्त पडतं’ हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. हे बोलणे एकेकाळी खरे होते. २०१२ साली पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे पंचवीस रुपयांहून जास्त फरक होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचा भाव बाजारावर सोडला आणि हा फरक आटत गेला. २०२५ साली पुण्यात पेट्रोल १०४ च्या आसपास आणि डिझेल ९० च्या आसपास, म्हणजे फरक चौदा रुपयांवर आला.

पुनावळ्याच्या आमच्या एका सभासदाने मध्यंतरी २०१४ सालची डिझेल स्विफ्ट पाहिली. मालक दोन लाख साठ हजार म्हणत होता. त्याच सालची, तशाच हालतीची पेट्रोल गाडी दोन लाख दहा हजारांना मिळत होती. म्हणजे डिझेल या एका शब्दाचे पन्नास हजार जास्त. हे पैसे वसूल होतील का, एवढाच प्रश्न.

हिशेब अवघड नाही. जुनी डिझेल गाडी लिटरला अठरा किलोमीटर देते असे धरा, पेट्रोलची पंधरा. किलोमीटरमागे डिझेलला पाच रुपये, पेट्रोलला सातच्या जरा खाली. बचत दोन रुपये धरू. आता या सभासदाची फिरती किती? घर, हिंजवडी, ताथवड्याला मुलीची शाळा, आठवड्यातून एखादी फेरी रानात. वर्षाला सहा हजार किलोमीटर. बचत झाली बारा हजार. पण डिझेल इंजिनाची देखभाल महाग. ऑइल जास्त लागते, फिल्टर महाग, इंजेक्टर किंवा टर्बो बिघडला तर विचारूच नका. त्यापोटी वर्षाला आठ हजार जादा धरले तर हाती उरले चार हजार. पन्नास हजार फिटायला साडेबारा वर्षे लागणार, आणि गाडीची नोंदणी तर २०२९ साली संपते! पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून मिळते, पण तपासणी, २०२२ पासून वाढलेली पाच हजारांची फी आणि वर पर्यावरण कर.

हाच माणूस चाकणला रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर करणारा असता तर वर्षाची फिरती वीस हजार, बचत चाळीस हजार. देखभालीला जादा बारा हजार काढले तरी अठ्ठावीस हजार उरतात. दोन वर्षांच्या आत पैसे वसूल. गाडी तीच, किंमत तीच, पण एकाला महाग आणि दुसऱ्याला स्वस्त. उसाचे नुसते टनेज पाहून भागत नाही, उतारा पाहावा लागतो, तसेच हे आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले. मारुतीने डिझेल बंद केले, पोलोचे डिझेलही तेव्हाच थांबले. त्यामुळे लांब फिरणाऱ्याला चांगली जुनी डिझेल गाडी मिळाली तर तिला मान आहेच.

हिशेब जमला तर मग गाडी पाहावी. बैलाचे दात खोटे बोलत नाहीत, पण किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो. म्हणून काट्यावर न जाता सर्व्हिसची बिले मागा. क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झालेले आणि काटा पन्नास हजारांवर, तर काय समजायचे ते समजा. आपल्या भागात हिंजवडीच्या कंपन्यांत माणसांची ने-आण केलेल्या गाड्या पिवळी पाटी काढून पांढरी लावून विक्रीला येतात. नोंदणीचा इतिहास आरटीओत किंवा मोबाईलवरच्या एमपरिवहनमध्ये पाहून घ्यावा. दिल्लीकडे दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्याही स्वस्तात इकडे येतात. त्यांना महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा भरावा लागतो, तो किमतीत धरा.

गाडी पाहायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, इंजिन चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागले तर काही तरी लपवले जात आहे. थंड इंजिन एका किल्लीत लागले पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. दाबल्यावर काळा धूर सुटत राहिला तर इंजेक्टर किंवा टर्बोची शंका घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडा. आतून भकाभका वाफ येत असेल तर इंजिन खाली उतरवण्याच्या बेतात आहे. पुनावळ्याच्या भुयारी मार्गापाशी जे रोज अडकतात त्यांना क्लचचे हाल सांगायला नकोत. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गियरमध्ये क्लच सोडा, इंजिन चटकन बंद पडले तर क्लच ठीक.

स्विफ्टमध्ये मूळ फियाटचे १.३ लिटरचे इंजिन आहे, त्याला टायमिंग चेन असते. पिंपरीच्या जुन्या इंडिकाला आणि चाकणच्या पोलोला मात्र पट्टा. तो कधी बदलला याचे बिल नसेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. पट्टा चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

२०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे कितीतरी गाड्या बुडाल्या. पवनाकाठच्या आपल्यालाही हे नवे नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहा, शेवटच्या वीतभरात गाळाचा डाग असतो. तो कोणी धूत नाही.

राहिले कागद. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. आणि जे सभासद आपली गाडी विकत आहेत त्यांनी तर ‘करू सावकाश’ म्हणूच नये. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की ज्याच्या नावावर नोंद, तोच मालक. गाडी कधीच दुसऱ्याच्या दारात गेली असली तरी अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकाच्या गळ्यात पडते.

पुनावळ्याच्या त्या सभासदाने स्विफ्ट सोडली. पेट्रोलची घेतली, दोन लाख पाच हजारांत.