लेथपाशी स्टूल

लेथवर टर्नर दिवसभर उभा असतो, पण कामाला तो सगळा वेळ उभा लागतोच असे नाही. सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या रस्त्याकाठच्या ठिकाणी वर्कशॉपकडे येणारे काम मुख्यतः शेतीचे: ट्रॉलीच्या पिना, बुश, मळणी यंत्राचे शाफ्ट. 40 मिमी जाडीचा, 600 मिमी लांबीचा शाफ्ट मिनिटाला 200 फेऱ्या आणि दर फेरीला 0.15 मिमी फीड ठेवून कापला, तर एका कटाला 20 मिनिटे जातात. ऑटो फीड लावल्यावर कारागिराकडे उरते ते लक्ष ठेवणे, आणि लक्ष बसूनही ठेवता येते.

उभे राहण्याचा थकवा चालण्याच्या थकव्याहून वेगळा. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायांतले रक्त वर ढकलतात. एका जागी खिळलेल्या माणसाचे रक्त शिरांत साचते, संध्याकाळी घोटे सुजतात. वर्षानुवर्षे असेच चालले तर शिरा फुगण्याचा धोका वाढतो. सिमेंटचा कोबा टाचा आणि कंबर दुखवतो ते वेगळेच.

म्हणून लेथपाशी हवे ते अर्धे उभे, अर्धे टेकलेले बसणे. चहाच्या टपरीवरचे बुटके स्टूल इथे निरुपयोगी; त्यावर बसले की टूलपोस्ट छातीशी येतो आणि खांदे उचलावे लागतात. बैठक साधारण 65 ते 80 सेंमी उंच आणि पुढे किंचित उतरती असली, की पाय जमिनीवर राहतात आणि कोपर हँडलच्या पातळीला येते. भंगारातली ट्रॅक्टरची सीट जाड पाइपावर वेल्ड केली तरी भागते. खडबडीत जमिनीवर तीन पाय डुगडुगत नाहीत, पण बाजूला झुकताच असे स्टूल उलटते. कोबा सपाट असेल तर रुंद फाकवलेले चार पायच बरे. खाली चाके मात्र कधीही नकोत.

बसण्याला मर्यादा आहेत. चक बांधताना, हाताने फेसिंग करताना आणि पार्टिंगच्या वेळी उभेच राहावे. टूल अडकले तर एका पावलात मागे सरता आले पाहिजे. ड्रिल बाहेर पडताना जॉब गरकन फिरू शकतो, तिथेही तेच. पॉवर हॅक्सॉपुढे मात्र कट सुरू झाल्यावर ताटकळण्यात काही अर्थ नाही. बसलेल्याचा चेहरा चकच्या अधिक जवळ येतो, म्हणून स्टूल चकसमोर न ठेवता टेलस्टॉककडे सरकवावे. चष्मा तर हवाच.

1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 44 ने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी, मध्ये सवड मिळेल तेव्हा टेकता यावे म्हणून, बसण्याची सोय ठेवायला सांगितले. पण विजेवर चालणाऱ्या जागी तो कायदा सर्वसाधारणपणे दहा कामगारांपासून लागू होई. दोन-तीन माणसांच्या वर्कशॉपपर्यंत तो पोहोचतच नव्हता. तिथे स्टूल ठेवायचे की नाही हे मालकाच्या मनावर, आणि बसलेला कारागीर आळशी ही समजूत अजून घट्ट आहे. जागा अगदीच अपुरी असेल तर लेथपुढे लाकडी फळ्यांची चौकट टाकावी आणि 10 ते 15 सेंमी उंचीवर एक आडवा पाइप बसवावा. त्यावर आलटून पालटून एकेक पाय टेकला तरी कंबरेचा ताण हलका होतो.