पावसाळ्याआधीची लस : फ्लूबद्दलचे सात गैरसमज

देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. बंद पडलेल्या शाळा, नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा आणि तोंडाला रुमाल बांधून फिरणारे शहर पुणेकर अजून विसरलेले नाहीत. तेव्हा या आजारावर लस नव्हती. पुढच्याच वर्षी हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची लस आणली. आता टोचायची लस सहज मिळते, तरी ती दरवर्षी घेणारे थोडेच. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती नाही, त्यामुळे मोठ्या माणसांना तिची आठवण करून देणारे कोणी नसते. मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला येणारा माणूस आपली शंका मेडिकलच्या काउंटरवरच विचारतो. म्हणून तिथे आणि दवाखान्यात नेमकी उत्तरे तयार हवीत.

गैरसमज १ : फ्लू थंडीतला, लस दिवाळीनंतर घेतली तरी चालते.
वस्तुस्थिती : हे युरोप-अमेरिकेचे वेळापत्रक झाले. पुण्यात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये येते. हिवाळ्यात येते ती लहान. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे मे महिना उत्तम. पालख्या शहरात मुक्कामाला येण्याआधी लस झालेली बरी. राहून गेली तर गणपतीच्या गर्दीआधी तरी घ्यावी. लसीत कोणते विषाणू असावेत हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. मे-जूनमध्ये विकायची लस शक्यतो दक्षिण गोलार्धाची, त्याच वर्षाची असावी. माल उतरवून घेताना खोक्यावरचा गोलार्ध, वर्ष आणि मुदत वाचा.

गैरसमज २ : गेल्या वर्षी घेतली होती, आता गरज नाही.
वस्तुस्थिती : संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागते आणि विषाणूही बदलत राहतो. २००९ च्या साथीतला ‘कॅलिफोर्निया’ प्रकार लसीत अनेक वर्षे होता. पुढे ‘मिशिगन’ प्रकार पसरला आणि २०१७ मध्ये लसही बदलावी लागली. देशातल्या या बदलांवर पुण्याचीच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था लक्ष ठेवते. म्हणून लस दरवर्षी घ्यायची.

गैरसमज ३ : लसीनेच फ्लू होतो.
वस्तुस्थिती : टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होणे शक्यच नाही. दंड दुखणे, अंग मोडून येणे, थोडा ताप हे एक-दोन दिवसांत जाते. नाकातल्या लसीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. ती गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना देत नाहीत.

गैरसमज ४ : लस घेऊनही सर्दी झाली, म्हणजे ती कुचकामी.
वस्तुस्थिती : साधी सर्दी वेगळ्या विषाणूंमुळे होते, त्यांच्यावर ही लस चालत नाही. लस आणि फिरणारा विषाणू चांगले जुळतात त्या वर्षी फ्लूसाठी डॉक्टरकडे जाण्याची वेळ साधारण ४० ते ६० टक्क्यांनी टळते. तिचा खरा उपयोग न्यूमोनिया, आयसीयू आणि मृत्यू टाळण्यात आहे, हे ग्राहकाला आधीच सांगा.

गैरसमज ५ : गरोदरपणात लस नको.
वस्तुस्थिती : उलट गरोदर स्त्रियांना ती अगत्याने द्यायला हवी. टोचायची लस कोणत्याही महिन्यात देता येते. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्याला आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचाच आधार असतो. ज्येष्ठ नागरिक, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले, पाच वर्षांखालची मुले आणि आरोग्य कर्मचारी यांनाही ती आधी मिळावी. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून गरोदर स्त्रिया आणि इतर जोखमीच्या व्यक्तींसाठी ही लस मोफत देण्यास सुरुवात केली. ज्यांना खर्च परवडत नाही, त्यांना महापालिकेच्या रुग्णालयात चौकशी करायला सांगा.

गैरसमज ६ : फ्रिजमध्ये ठेवली म्हणजे लस सुरक्षित.
वस्तुस्थिती : तिला २ ते ८ अंश सेल्सिअस लागते. उष्णतेने ती खराब होते, तशीच गोठल्यानेही. एकदा गोठून वितळलेली लस दिसायला नेहमीसारखीच दिसू शकते, पण ती टाकूनच द्यायची. फ्रिजच्या दारात किंवा फ्रीजरला चिकटून ती ठेवू नका. मधल्या कप्प्यात तापमापक ठेवून दिवसातून दोनदा नोंद करा. महावितरणच्या दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, त्या वेळी फ्रिज उघडू नका आणि पर्यायी सोय आधीच करा. ग्राहकाबरोबर लस पाठवताना शीतपेटी द्या. बर्फ खोक्याला थेट लागू देऊ नका.

गैरसमज ७ : परदेशात फार्मासिस्ट लस टोचतात, मग इथेही टोचायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : अमेरिका आणि ब्रिटनमध्ये प्रशिक्षित फार्मासिस्टना तशी कायदेशीर मुभा आहे. आपल्याकडे लस हे अनुसूची ‘सी’ मधले औषध आहे. त्यासाठीचा परवाना आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाहून ती विकायची. टोचण्याचे काम डॉक्टरांचे किंवा त्यांच्या देखरेखीखालच्या प्रशिक्षित परिचारिकेचे. तीव्र ॲलर्जी क्वचितच येते, पण आली तर काही मिनिटांत ॲड्रेनलिन द्यावे लागते. म्हणून टोचल्यावर किमान पंधरा मिनिटे थांबवून ठेवायचे. आधीच्या फ्लूच्या लसीनंतर अशी ॲलर्जी झाली होती का, हे चिठ्ठी घेतानाच विचारा. गंभीर त्रासाची माहिती औषध-दुष्परिणाम नोंदणीच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते.

एप्रिल उजाडला की आपल्या नेहमीच्या ग्राहकांपैकी मधुमेही, दमेकरी आणि साठीपुढचे कोण, याची यादी करा. गोळ्यांची पिशवी हातात देताना फक्त विचारा, “यंदाची फ्लूची लस झाली का?” उत्तर ‘नाही’ आले, तर त्यांना डॉक्टरांकडे पाठवा. साथ आल्यावर जी धावपळ होते, त्यातली बरीचशी या एका प्रश्नाने मे महिन्यातच वाचते.