वैमानिक सूचना (नोटॅम)

विमानतळ, हवाई मार्ग, मार्गदर्शक साधने व संबंधित सेवा यांत होणारे बदल, तसेच उड्डाणास संभवणारे धोके यांविषयी दूरसंदेशवहनाद्वारे प्रसृत केल्या जाणाऱ्या अधिकृत सूचनेस ‘नोटॅम’ असे म्हणतात. धावपट्टी बंद असणे, तिचे दिवे नादुरुस्त असणे, विमानतळानजीक उंच यारी (क्रेन) उभी असणे, तोफांच्या सरावामुळे किंवा अग्निबाणाच्या उड्डाणामुळे आकाशाचा काही भाग निषिद्ध ठरणे इ. कारणांनी अशी सूचना काढली जाते. उड्डाणापूर्वी आपल्या मार्गाशी संबंधित सूचना पाहणे हे वैमानिकाचे कर्तव्य होय. परंतु सूचनांची संख्या इतकी वाढली आहे की, त्यांतून महत्त्वाची सूचना हेरणे हाच विमानसुरक्षेचा एक प्रश्न बनला आहे.

स्वरूप : शिकागो येथील १९४४ च्या करारान्वये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिकी माहितीसेवेविषयीचे नियम १९५३ मध्ये प्रथम स्वीकारले. भारतात या सूचना भारतीय विमानतळ प्राधिकरणातर्फे प्रसृत होतात. सूचनेची भाषा दूरमुद्रकाच्या (टेलिप्रिंटरच्या) काळात घडली. त्यामुळे मजकूर मोठ्या रोमन अक्षरांत व संक्षेपांत असतो. आरंभीच्या सांकेतिक ओळीत ‘क्यू’ या अक्षरानंतरची पहिली दोन अक्षरे विषय व पुढील दोन स्थिती दर्शवितात; उदा., ‘एमआर’ म्हणजे धावपट्टी व ‘एलसी’ म्हणजे बंद. त्यापुढे उंचीच्या मर्यादा, मध्यबिंदू व त्रिज्या दिलेली असते. मुदतीचा आरंभ व शेवट प्रत्येकी दहा अंकांत, जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहितात. मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या पावसाळ्यानंतरच्या देखभालीसाठी १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी ११ ते सायंकाळी ५ पर्यंत बंद होत्या. या पद्धतीने लिहिल्यास ही वेळ २३१०१७०५३० ते २३१०१७११३० अशी होते. जाणकारालाही ती उलगडण्यास क्षणभर थांबावे लागते. पन्नास सूचना वाचताना हा भार पन्नास पटींनी वाढतो.

अतिरेकाची कारणे : एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जगभरातील सूचनांची वार्षिक संख्या दहा लाखांच्या वर गेली. सूचना काढल्यास प्रसृत करणाऱ्याची जबाबदारी पुरी होते, तर ती न काढल्यास दोष त्याच्याकडे येतो. म्हणून क्षुल्लक बाबींच्याही सूचना निघतात. कायम स्वरूपाचा मजकूर माहितीपुस्तिकेत न घालता जुन्याच सूचनांची मुदत वाढविली जाते. शिवाय गवत कापण्याची सूचना आणि धावपट्टी बंद असल्याची सूचना एकाच ठशात व सारख्याच ठळकपणे छापल्या जातात.

परिणाम : ७ जुलै २०१७ च्या रात्री टोराँटोहून आलेले एअर कॅनडाचे विमान सॅन फ्रॅन्सिस्को येथे उतरत होते. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी डावी बंद असून तिचे दिवे मालविलेले होते. हे ध्यानात नसल्याने वैमानिकांनी उजवीलाच डावी मानले व तिच्या पलीकडील टॅक्सी मार्गास धावपट्टी समजून विमान खाली आणले. त्या मार्गावर चार प्रवासी विमाने उड्डाणाची वाट पाहत उभी होती. विमान जमिनीपासून सु. १८ मी. उंचीपर्यंत उतरल्यावर पुन्हा वर चढले आणि भीषण अपघात थोडक्यात टळला. धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांना दिलेल्या २७ पानी कागदपत्रांत आठव्या पानावर होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१८ मध्ये सूचनांचे परिणामकारक अवलोकन न होणे हे कारण नोंदविले. त्याचबरोबर अशा माहितीची मांडणी व अग्रक्रम सुधारण्याची शिफारसही केली.

उपाय : तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी बाब सूचनेत न ठेवता माहितीपुस्तिकेत किंवा तिच्या पुरवणीत द्यावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. पूर्वनियोजित महत्त्वाचे बदल २८ दिवसांच्या ठराविक चक्रानुसार अंमलात आणले जातात. जुन्या सूचना निकालात काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये मोहीम हाती घेतली. सांकेतिक ओळीच्या आधारे संगणक मार्ग, उंची व वेळ यांना लागू नसलेल्या सूचना वगळू शकतो आणि उरलेल्यांची विषयवार वर्गवारी करून त्या नकाशावर दाखवू शकतो. तथापि, मूळ संकेत चुकीचा असल्यास आवश्यक सूचनाच गाळली जाण्याचा धोका राहतो. म्हणून गाळणीइतकेच महत्त्व उगमाशी नेमकेपणा राखण्याला आहे. वैमानिकाच्या दृष्टीने गंतव्य व पर्यायी विमानतळांवरील धावपट्ट्या, त्यांचे दिवे व अवतरणास साहाय्यक साधने प्रथम पाहणे, सूचनांच्या वेळा आपल्या अपेक्षित आगमनाशी ताडून पाहणे आणि अवतरणापूर्वी त्यांचा सहवैमानिकासह पुन्हा उच्चार करणे, हा क्रम उपयुक्त ठरतो. सूचना पोहोचली म्हणजे ती कळली असे नव्हे, हे तत्त्व या सर्व उपायांच्या मुळाशी आहे.