मीटरवर सगळे दिवे लागले म्हणून लगेच ‘ईसीएम’ बदलू नका. आधी बॅटरी, अर्थ आणि दोन वायरी तपासा

रात्री धडधाकट उभी केलेली गाडी सकाळी स्टार्ट होत नाही. मीटरवर एबीएस, एअरबॅग, चेक इंजिन असे सगळे दिवे एकदम लागलेले, स्पीडचा काटा मेलेला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की ‘यू’ अक्षराने सुरू होणारे पाच-सहा कोड येतात आणि ‘ईसीएम गेला’ असा निकाल लागतो. ईसीएम म्हणजे हजारोंचा खर्च. एवढे सगळे भाग एकाच रात्रीत कसे काय बिघडले, हा साधा प्रश्न मात्र राहूनच जातो.

आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, मीटर यांना प्रत्येकी एक छोटा संगणक असतो. त्यालाच मॉड्यूल म्हणतात. इंजिनचा तो ईसीएम, दारे-दिव्यांचा बीसीएम. प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे स्वतंत्र वायर ओढायची तर गाडीत नुसता वायरींचा गुंता झाला असता. म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन’ ही पद्धत जगापुढे आणली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोनच वायरी, कॅन-हाय आणि कॅन-लो. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसारखा हा प्रकार आहे. एकाने टाकलेला निरोप सगळ्यांना दिसतो, ज्याला गरज तो घेतो. चाकांचा वेग एबीएसचे मॉड्यूल टाकते आणि बऱ्याच गाड्यांत मीटर तोच वेग दाखवते. त्यामुळे या दोन वायरींत बिघाड झाला की बिघाड एक आणि दिवे दहा, असे होते.

यू कोड वाचताना नेमकी इथेच गल्लत होते. यू०१०० याचा अर्थ ‘ईसीएमकडून निरोप येत नाही’ एवढाच आहे, ईसीएम जळाला असा नाही. यू०१२१ एबीएसबद्दल, यू०१४० बीसीएमबद्दल तेच सांगतो. तक्रार नोंदवणारे मॉड्यूल तर जिवंतच असते; शोधायचे ते गप्प बसलेले. चार मॉड्यूल एकाच्याच नावाने ओरडत असतील तर त्या एकाचा फ्यूज, बारा व्होल्टचा सप्लाय, अर्थ आणि प्लग बघावा. सगळीच गप्प असतील तर संशय मुख्य लाइनवर.

पण त्याच्याही आधी बॅटरी. पूर्ण चार्ज बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. बॅटरी उतरली असेल किंवा बॉडीला जोडलेली अर्थची पट्टी गंजली असेल, तर सेल्फ मारताना व्होल्टेज पडते, मॉड्यूल क्षणभर झोपतात आणि खोटे कोड साठून राहतात. म्हणून आधी सगळ्या कोडचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. मग बॅटरी ठीक करून कोड पुसावेत. परत जे येतील तेच खरे.

लाइन तपासायला महागडे यंत्र लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट असते. स्कॅनरच पेटत नसेल तर आधी १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट आणि ४-५ ला अर्थ येतो का ते पाहावे. मग बॅटरीची वायर काढून, थोडा वेळ थांबून, ६ आणि १४ या पिनांमध्ये ओहम मोजावेत. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे आकडा ६० च्या आसपास यायला हवा. १२० आला तर लाइन कुठेतरी तुटली आहे किंवा एका टोकाचा प्लग निघाला आहे. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. अशा वेळी मॉड्यूलचे प्लग एकेक करून काढत जायचे. जो काढल्यावर आकडा सुधारतो, बिघाड त्याच्यात किंवा त्याच्या वायरीत. काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि मुख्य लाइन यांच्यामध्ये ‘गेटवे’ असतो. तिथे सॉकेटवरच्या मापावर विसंबता येत नाही, आतल्या लाइनवर मोजावे लागते. एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या असणाऱ्या, प्लगला घरी हात लावू नये.

आपल्याकडे या वायरी तुटतात कशा? कडब्याच्या गंजीशेजारी किंवा गोठ्यात गाडी उभी राहिली की उंदीर बोनेटमध्ये शिरतात. मग प्रेशर पंपाने धुतलेले इंजिन, प्लगमध्ये पाणी. जादा हेडलाइट, म्युझिक सिस्टीम नाहीतर जीपीएस बसवताना भलत्याच वायरीतून घेतलेला करंट. हूक वेल्डिंग करताना बॅटरी न काढणे हाही एक उद्योगच. खड्ड्यात आदळल्यावरच दिवे लागत असतील तर प्लग सैल आहे समजावे आणि मल्टिमीटर लावून वायरिंग हलवून बघावे.

तुटलेली कॅन वायर नुसती पिळून टेप मारली तर पावसाळ्यात पुन्हा तेच दुखणे. जोड डाखून त्यावर हीटश्रिंक नळी चढवावी आणि दोन्ही वायरींचा पीळ पहिल्यासारखा ठेवावा. तो पीळ बाहेरचा विद्युत गोंधळ अडवतो.

एवढे करूनही ईसीएमच खराब निघाला, तर भंगारातला स्वस्त आणून काम होईलच असे नाही. बहुतेक गाड्यांत चावीचा इमोबिलायझर ईसीएमशी जुळवलेला असतो. जुळवणी केल्याशिवाय दुसऱ्या गाडीचा ईसीएम बसतो खरा, पण गाडी चालू होत नाही. जुळवणीचा खर्च किती, ते पैसे देण्याआधीच विचारून घ्यावे.