रेषेबाहेरचा माणूस

आमच्या पारगावात साखर कारखान्याचा भोंगा ओळखीचा, फुटबॉलच्या पंचाची शिट्टी नव्हे. आमचे खेळ कुस्ती आणि कबड्डी. त्यामुळे बालेवाडीला पुणे एफसीचा सामना पाहताना माझी नजर चेंडूपेक्षा रेषेबाहेर उभ्या असलेल्या डेरिक परेरांवरच राहिली.

परेरा गोव्याचे, ऐंशीच्या दशकातले साळगावकर संघाचे बचावपटू. बचावपटूसमोर सगळं मैदान उघडं असतं. पुढे खेळणाऱ्याच्या पाठीमागे निम्मं राहून जातं. प्रशिक्षक घडतो तो तिथेच, असं मला वाटतं. त्यांच्या हाताखाली महिंद्र युनायटेडनं २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या संघाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. २०१२-१३च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी दुसरा आला.

खेळाडूचा गोल नोंदीत राहतो हो! प्रशिक्षकानं जुळवत आणलेला संघ मात्र मालकाच्या एका निर्णयानं मोडतो. महिंद्र युनायटेड २०१०मध्ये बंद झाला. पुढे पुणे एफसीही मिटला. साळगावकरनं २०१६मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं.

डिसेंबर २०२१मध्ये एफसी गोवाचे प्रशिक्षक हंगामाच्या मधेच सोडून गेले. साठीला टेकलेले परेरा पुन्हा रेषेपाशी येऊन उभे राहिले.