एकट्याने हिंडणे व पाहणे

निसर्गसौंदर्य म्हटले की आपल्या मनापुढे महाबळेश्वर किंवा काश्मीर उभे राहते. आणि ते पाहावयाचे तर सुटी, पैसा व सोबत या तिन्ही गोष्टी हव्यात असे आपण गृहीत धरतो. ही समजूत शाळेतील निबंधलेखनानेच दृढ केली आहे, असे आमचे मत आहे. ‘सूर्योदय’ हा विषय दिला की इंदुरातला विद्यार्थी दोन डोंगरांमधून सूर्य वर काढतो. वस्तुतः त्याचा रोजचा सूर्य शेजारच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीमागून वर येत असतो. तो मुलगा खोटे लिहीत नाही. पाहिलेले नसते म्हणून ऐकलेले लिहितो, इतकेच.

रोजचे दृश्य दिसेनासे होण्याचे कारण साधे आहे. कचेरी किंवा बाजार गाठावयाचा असला म्हणजे डोळा वाटेतील अडथळे तेवढे शोधतो, बाकीचे गाळून टाकतो. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी आहेत, हे रोज तेथून जाणाऱ्या किती जणांस न पाहता सांगता येईल? म्हणून फेरीला गाठावयाचे ठिकाण असू नये, आणि चाल नेहमीच्या निम्म्याने तरी मंद असावी. सोबत नको, याचे कारण माणूसघाणेपणा नव्हे. मित्र बरोबर असला की आपण त्याचे ऐकतो, रस्त्याचे ऐकत नाही.

तांबट पक्ष्याचे उदाहरण घ्या. फाल्गुन-चैत्राच्या उन्हात हातोडीने भांडे ठोकावे तसा टुक् टुक् असा एकसुरी आवाज भर वस्तीत येतो. तो ऐकला नाही असा मनुष्य विरळा, आणि पक्षी पाहिलेला मनुष्य त्याहूनही विरळा. अंग पानांच्याच रंगाचे हिरवे, आकार चिमणीएवढा, आणि तो मान इकडून तिकडे फिरवीत असल्याने आवाज नेमका कोठून येतो हे कळत नाही. झाडाखाली दहा मिनिटे निमूट उभे राहावे, तेव्हा कोठे एखाद्या वाळक्या फांदीच्या टोकाशी कपाळावरचा तांबडा ठिपका सापडतो. तो एकदा सापडला की पुढल्या वर्षी आवाज ऐकूनच नजर नेमक्या फांदीकडे जाते. कोकिळेचेही असेच. कुहू करणारा काळा पक्षी हा नर. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी किक् किक् अशी ओरडते. आपल्या कवितांनी तिला फुकटचे गायिका केले आहे!

आपणां बृहन्महाराष्ट्रीयांच्या बाबतीत या पाहण्याला आणखी एक अंग आहे, आणि त्याची चिंता आम्हांस अधिक वाटते. आमच्या शाळेतील मराठी घरांतली मुले अमलतास ओळखतात, बहावा ओळखत नाहीत. सेमल म्हणतात, काटेसावर हा शब्द त्यांच्या कानावरच नाही. पाठ्यपुस्तकात पारिजातक वाचतात आणि अंगणातल्या हरसिंगाराखालून निघून जातात. याला उपाय म्हणून हिंदी नावे पुसावीत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तांबटाला हिंदीत बसंता म्हणतात. एका भाषेने त्याचा आवाज ऐकला, दुसरीने त्याचा ऋतू ओळखला. दोन्ही नावे येणाऱ्या मुलाला तो पक्षी दोन बाजूंनी दिसतो. महिन्यांचेही तसेच. शेजाऱ्यांचा चैत्र होळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आपला गुढीपाडव्याला. त्यामुळे रंगपंचमीची गेर त्यांच्या चैत्रात निघते व आपल्या फाल्गुनात, आणि पळस मात्र दोघांसाठी एकदाच फुलतो.

बारा महिन्यांचे असे बारकाईने केलेले निरीक्षण मराठीत दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या पुस्तकात आहे. दुर्गाबाईंचा जन्म १९१० साली इंदुरातच झाला, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले की ते जरा ताठ बसतात. ग्रंथ मुलांच्या हाती द्यावा, पण त्याआधी त्यांना महिनाभर स्वतः पाहू द्यावे. नाही तर सूर्योदयाच्या निबंधासारखीच त्याचीही उसनवारी होईल.

आम्ही वरच्या वर्गांत एक साधा पाठ ठेवला आहे. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे एकट्याने, आपल्याच गल्लीत फिरावे आणि पाहिलेली एकच गोष्ट पाच ओळींत लिहावी. ‘सुंदर’, ‘रम्य’ व ‘मनोहर’ हे शब्द वर्ज्य. पहिले दोन आठवडे वह्या जवळजवळ कोऱ्या येतात; त्यावर शिक्षकाने रागावू नये. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही तरी येऊ लागते. एकाने पिंपळाच्या कोवळ्या पानांचा तांबूस रंग किती दिवसांत हिरवा होतो, ते मोजले. एका मुलीने लिहिले की, कोपऱ्यावरच्या झाडाला आजी बकुळ म्हणते व दूधवाले काका मौलसिरी म्हणतात, आणि दोघेही खाली वाकून फुले वेचतात. फुले सुकली तरी वास गेला नाही, हे तिने पुढच्या आठवड्यात त्याच पानाखाली लिहून ठेवले होते.