देयकाची पोच आणि पैशाची वाट

बिबवेवाडीतील सुटे भाग बनविणारा एखादा लहान कारखानदार चाकणच्या मोठ्या कंपनीला माल पाठवितो, तेव्हा टेंपो फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच त्याचे बिल शासनमान्य संगणकावर नोंदले गेलेले असते. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरील उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झालेली ही सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरील उलाढालीपर्यंत खाली आली.

नियंत्रणाच्या दृष्टीने ही व्यवस्था चोख आहे, यात शंका नाही. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक व प्रकार आणि आर्थिक वर्ष यांवरून ६४ अक्षरी संदर्भांक तयार होतो. तेच बिल पुन्हा पाठविल्यास संगणक ते स्वीकारीत नाही. नोंदलेले बिल रद्द करावयाचे तर २४ तासांची मुदत. शिवाय पुरवठादाराने विवरणात न दाखविलेल्या बिलावर १ जानेवारी २०२२ पासून खरेदीदाराला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. साहजिकच पुरवठादाराची एवढीशी चूक झाली तरी खरेदीदार कराची रक्कम अडवून ठेवतो. (टेंपोत माल खरोखर भरला होता की नाही, हे मात्र त्या ६४ अक्षरांना कळत नाही!)

परंतु संदेश बिनचूक पोचला म्हणजे व्यवहार पुरा झाला, असे मानणे ही गफलत आहे. ऑर्डर, वाहतूक, बिल, मालाची पोच आणि पैसे या साखळीत कायद्याचा संगणकी पहारा आहे तो बिलावर आणि ई-वे बिलाच्या रूपाने वाहतुकीवर. पुढच्या दोन कड्या खरेदीदाराच्या हातात राहतात.

लघुउद्योगांसाठी २००६ साली झालेला कायदा वस्तुतः कडक आहे. खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे समजले जाते. करार काहीही असो, तेथून ४५ दिवसांत पैसे द्यावयाचे. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने. पण माल पोचल्याची तारीखच खरेदीदाराच्या संगणकात बंदिस्त असेल, तर दिवस मोजावयाचे कोठून? आणि पुढची ऑर्डर ज्याच्याकडून हवी, त्याच्याशी तारखेवरून वाद कोण घालणार?

ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटीच्या संकेतस्थळावर खरेदीदाराला प्रत्येक बिल स्वीकारता, नाकारता वा प्रलंबित ठेवता येते. त्याने मौन पाळले तर ते स्वीकृत धरले जाते. ही स्वीकृती केवळ करापुरती आहे. जुन्या पेढीवर मुदती हुंडी सकारणाऱ्याला मुदत भरताच पैसे मोजावे लागत. येथे बिल सकारले तरी पैशाचे बंधन येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने २०१७ पासून सुरू झालेल्या ट्रेड्स व्यवस्थेत अशा बिलांवर आगाऊ पैसे मिळतात खरे. पण तेथेही खरेदीदाराने बिल मान्य केल्याखेरीज बँका पुढे येत नाहीत.

म्हणून माल पोचल्याची तारीख आणि १५ दिवसांतील हरकत यांची नोंद त्याच शासकीय यंत्रणेत सक्तीची करावी, व ती दोन्ही पक्षांना सारखीच दिसावी. मालाच्या तपासणीला वेळ लागतो, ही कंपन्यांची सबब टिकणारी नाही; त्यासाठीच तर ते १५ दिवस आहेत. ही तारीख कोणत्या खात्याने मागावयाची, एवढे अर्थ आणि लघुउद्योग मंत्रालयांनी एकत्र बसून ठरवावे.